खालच्या फळीवरचे दहा उंदीर

पहिल्या उंदराचं पोट उघडलं आणि माझ्या हातातली कात्री तशीच थांबली. आतडं जिथे फिकट, तेलकट पिवळं दिसायला हवं होतं, तिथे ते काळपट जांभळं होतं. मला वाटलं, घाईत भलताच पिंजरा उचलला. चिठ्ठी पाहिली. ‘ब गट, क्रमांक तीन.’ दुसरा उंदीर घेतला. जांभळा. तिसरा घेतला. तोही जांभळा. मी स्टुलावर बसकण मारली.

डिसेंबर १९९४ची ही गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून बंगळूरला पीएचडी करायला आले होते. कोरमंगलाला एका घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायचे आणि होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या छोट्या संशोधन संस्थेत बसने जायचे. बंगळूरच्या आसपास काळी, आंबटगोड, जाड सालीची द्राक्षं पिकतात. त्यांच्या सालीतला जांभळा रंग हा माझा विषय होता. तुपकट खाणं दिवसेंदिवस पोटात जात राहिलं की आतड्याचं आतलं अस्तर बिघडतं. फळांतले, भाज्यांतले असले रंग खाण्यात असले तर ते बिघडणं थोडं कमी होतं का, एवढाच माझा प्रश्न.

त्यासाठी साठ पांढरे उंदीर होते, वीस-वीसचे तीन गट. अ गटाला साधं खाणं. ब गटाला वनस्पती तूप घातलेलं खाणं. क गटाला तेच तुपाचं खाणं, पण त्यात मी सालींतून काढून, गाळून घेतलेला रंग. असं सोळा आठवडे. ब गटातल्या एकाही उंदराच्या पोटात रंगाचा थेंबसुद्धा जायचं कारण नव्हतं. आणि माझ्यासमोर ताटलीत तीन जांभळी आतडी पडली होती.

या उंदरांची देखभाल कस्तुराबाई करायच्या. पंचेचाळिशीच्या, मूळच्या निपाणीकडच्या. इरकली लुगडं आणि त्यावर संस्थेचा पांढरा कोट, ज्याची बटणं कायम चुकीच्या काजात गेलेली. सगळे त्यांना कस्तुराक्का म्हणत, म्हणून मीही. आख्ख्या संस्थेत माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस. सकाळी सातला त्या यायच्या, पिंजऱ्यांत अंथरलेलं भाताचं तूस बदलायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मी दहाला पोचेपर्यंत सगळं लख्ख असायचं. काम करताना त्या उंदरांशी कानडीत गप्पा मारायच्या. “मराठीत का नाही बोलत?” असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “ही उंदरं बंगळूरची हायत ताई, त्येंला कसं कळंल?”

आमचे विभागप्रमुख विश्वेश्वर सर. शांत माणूस, पण चूक सहन न होणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

“तू दोन गटांचं खाणं अदलाबदल केलंस.”

“नाही सर. मी रोज चिठ्ठी बघूनच...”

“मग रंग काय पिंजऱ्यातून उडी मारून शेजारी गेला?”

रात्रभर मी वही चाळली होती. एकही खाडाखोड नव्हती, एकही दिवस चुकलेला नव्हता. तरीसुद्धा त्या क्षणी माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. असेल, आपणच केलं असेल. कुठल्या तरी सोमवारी, झोपेत.

“सोळा आठवडे,” सर म्हणाले. “साठ जीव. लिहून दे की खाणं मिसळताना तुझ्याकडून चूक झाली. समितीशी मी बोलेन. पण पुण्याला परत जायची तयारी ठेव.”

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात दार ढकलून कस्तुराक्का आत आल्या; कालची बातमी प्राणिगृहात पोचली असावी. त्या खोलीत त्या याआधी कधी आल्या असतील असं मला वाटत नाही. चपला बाहेर काढून, अनवाणी, सरांच्या टेबलापासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

“नाने कोट्टिद्दु, सर,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून तेच मराठीत, “मीच दिलंय, ताई. तुमी काय बी लिव्हू नका.”

“काय दिलंत?” मी विचारलं.

“चोथा. तुमी टाकायला देत हुता न्हवं बादलीतला?”

आठवड्यातून दोनदा मी सालींतून रंग काढायचे. बराचसा रंग निघून गेलेल्या साली मागे उरायच्या, मळकट जांभळ्या, लगद्यासारख्या. ती बादली मी कस्तुराक्कांच्या हातात द्यायचे आणि विसरून जायचे. त्यांनी तो चोथा गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळवला होता आणि रोज सकाळी, मी यायच्या आत, ब गटाच्या पिंजऱ्यांत चिमूट-चिमूट टाकला होता. दसऱ्यापासून. म्हणजे जवळजवळ दहा आठवडे.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. “का?” एवढंच त्यांनी विचारलं.

कस्तुराक्का आता कानडीतच बोलत होत्या आणि मध्येच मराठीवर येत होत्या, बहुतेक मलाही सगळं कळावं म्हणून. “त्येंची केसं बगितलासा का सर? चिकट. लेंडी धड न्हाई. शेजारची उंदरं रंग खाऊन खेळायल्यात आन् ही कोपऱ्यात पोट दाबून बसल्यात. ह्येंनी कुणाचं काय घोडं मारलं हुतं? मला वाटलं, टाकायचाच माल हाय. स्वल्प दिलं तर काय हुतंय.”

“वीसही उंदरांना दिलंत?” मी विचारलं.

“न्हाई. खालच्या फळीवरच्या दहांना. वरची फळी शिवाप्पा बगतो. त्यो नियम सोडत न्हाई.”

शिवाप्पा हा प्राणिगृहातला दुसरा माणूस. मी ताडकन उठले. तीन, सात, आठ. काल उघडलेले तिन्ही उंदीर पहिल्या दहांतले होते, म्हणजे खालच्या फळीवरचे. मी सरांची परवानगीही न विचारता धावत प्रयोगशाळेत गेले.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. वरच्या फळीवरच्या दहा उंदरांच्या मोठ्या आतड्याचं अस्तर लालसर, सुजलेलं होतं. कुठेकुठे टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. तुपकट खाण्याने असं काही होईल हा माझा अंदाज होताच, पण वहीतला अंदाज वेगळा आणि दहाच्या दहा पोटांत ते समोर दिसणं वेगळं. मग मी खालच्या फळीवरचे उरलेले सात उघडले. जांभळा मळ बाजूला करून आतडं धुतलं. आत स्वच्छ, गुलाबी अस्तर. साधं खाणं खाणाऱ्या अ गटाशेजारी ठेवलं तर पटकन फरक सांगता येऊ नये, असं.

मला वाटलं, हा धक्का पुरेसा आहे. पण क गट अजून राहिला होता. माझा लाडका गट. त्यांना मी स्वतः काढलेला, तीनदा गाळलेला, थेंब मोजून घातलेला रंग दिला होता. त्यांची आतडी उघडली आणि मला रडू फुटलं. वरच्या फळीवरच्या दहांपेक्षा ती जेमतेम बरी होती. बाटलीतल्या रंगाने फारसं काही केलं नव्हतं. जे काही झालं होतं ते मी फेकून देत होते त्या बादलीत होतं.

विश्वेश्वर सर कधी येऊन मागे उभे राहिले कळलंच नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, एकेक ताटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, “गाळलेला रंग वरच्यावरच मोडून जात असेल. सालीला धरून राहिलेला रंग सालीबरोबर खालपर्यंत जात असेल. किंवा रंगाचा संबंधच नसेल, नुसत्या चोथ्याचा गुण असेल.”

“सर, पण हे तर...”

“यातला एक शब्दही आपण छापू शकत नाही, सुखदा. खालच्या फळीवर ऊन कमी येतं. खालच्या फळीचं माणूस वेगळं, वरच्याचं वेगळं. कुणी किती खाल्लं, माहीत नाही. हा प्रयोग नाही, हा अपघात आहे. सगळं पहिल्यापासून करायचं.”

माझी पुण्याची गाडी टळली होती. त्याचाच आनंद एवढा मोठा होता की पुढे काय होणार आहे याचा मी विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी कस्तुराक्कांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. मला ते टाइप होण्याआधीच ठाऊक होतं, कारण सरांनी मला विचारलं होतं, “तुझं काही म्हणणं आहे का?” आणि मी म्हणाले होते, “नाही सर.” माझं नाव वाचवायला अनवाणी पायांनी आत आलेल्या बाईबद्दल मला विचारलं गेलं आणि मी ‘नाही’ म्हणाले. ते शब्द ऐकून मी स्वतःच हादरले होते. पण परत घेतले नाहीत.

कस्तुराक्कांनी पत्रावर सही केली. कोट काढून घडी घातला. जाताना म्हणाल्या, “अ गटाच्या चौदा नंबरची बाटली गळत हुती, ताई. नवी उंदरं यायच्या आत बदलून घ्या.” आणि गेल्या.

जानेवारीत नवे उंदीर आले. कस्तुराक्कांच्या जागी एजन्सीकडून एक माणूस आला. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी होती, त्यात तो पाणी भरायला फिरकलाच नाही. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा अकरा उंदीर मेलेले होते. त्यांना उचलताना माझ्या लक्षात आलं की आधीच्या सोळा आठवड्यांत एकही उंदीर असा मेला नव्हता. एकही नाही. आणि ते कुणामुळे, हे मी कधी विचारलं नव्हतं. सरांनी तो प्रयोग तिथेच थांबवला.

मी सरांना म्हटलं, “मला कस्तुराक्का परत हव्यात.”

“तिने नियम मोडला.”

“आपण त्यांना नियम सांगितला होता सर, कारण सांगितलं नव्हतं. मीही नाही.”

सरांनी समोरची फाइल ओढली. संध्याकाळी जाता जाता दारातून म्हणाले, “जबाबदारी तुझी.”

बोम्मसंद्र्यात कारखान्यांच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराच्या खोल्यांच्या रांगेत कस्तुराक्का राहायच्या. मी गेले तेव्हा त्या दारात बसून लाल माठ निवडत होत्या. बोटं लालेलाल झाली होती. मला पाहून उठल्या, चटई टाकली, पाणी दिलं. माफी मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून गेले होते. ती काही तोंडातून येईनात. भिंतीवर एका माणसाचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडे बघत बसले.

“त्ये आमचं मालक. परसू,” कस्तुराक्का म्हणाल्या. “हितल्याच एका कारखान्याच्या कँटीनात हुते. तळणीवर.”

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. परसू दिवसभर कढईसमोर उभे असायचे. सकाळी पुरी, दुपारी बोंडा, संध्याकाळी उरलेली भजी, तेच जेवण. घरी भाकरी-भाजी केली तरी नको म्हणायचे, पोट भरलेलंच असायचं. दोन वर्षं पोटाच्या तक्रारी चालल्या. गोळी घेतली की बरं वाटायचं. १९९१मध्ये एकदम खालावले. दवाखान्यात नेलं, पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलं.

“आत घेतलं आन् अर्ध्या तासात बाहेर आणलं,” त्या म्हणाल्या. “पोट उघडलं आन् परत शिवलं. करण्यासारखं काय न्हाई म्हणाले. तीन म्हयन्यांनी गेले. आत काय दिसलं, ते मला कुणी सांगितलं न्हाई, ताई. मी इचारलं. डागतर म्हणाले, तुला कळणार न्हाई.”

लाल माठाची जुडी त्यांच्या मांडीवर तशीच होती. रोज सकाळी ब गटाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून ही बाई काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं. वर्षभर मी तिच्याशी रोज बोलत होते, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

“परत याल?” मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ देठ खुडले. “येते. पण एक हाय. कुठल्या उंदराला काय देताय, का देताय, आन् शेवटाला काय दिसलं, ते मला सगळं सांगायचं. कळंल न्हाई कळंल, माझं मी बगते.”

“सांगेन.”

“सरी, ठीक हाय,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

एप्रिल १९९५मध्ये पुन्हा सुरू केलं. या वेळी पाच गट: साधं खाणं, तुपाचं खाणं, तूप आणि गाळलेला रंग, तूप आणि रंग असलेला चोथा, आणि तूप आणि रंग पूर्ण धुऊन काढलेला चोथा. शेवटचा गट सरांच्या शंकेसाठी. प्रत्येक गटाचे पिंजरे वरखाली विखुरलेले, आणि शिवाप्पा आणि कस्तुराक्का आळीपाळीने दोन्ही फळ्यांवर. पहिल्या दिवशी मी तुसाच्या पोत्यावर बसून कस्तुराक्कांना सगळं समजावलं. नुसत्या तुपाच्या गटापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजे ह्येंला आजारीच पडू द्यायचं.”

“हो.”

“मुद्दाम.”

“हो. नाहीतर बाकीच्यांत जे दिसेल ते कशाने दिसलं, ते कधीच कळणार नाही.”

मला वाटलं, त्या आता उठून जातील. पण कोट घातला आणि कामाला लागल्या.

सोळा आठवडे त्यांनी ते निभावलं. मी कधी कधी मुद्दाम लवकर जायचे. अविश्वासाने जायचे, हे कबूल करते. एकदा, नवव्या आठवड्यात असेल, आठच्या सुमाराला गेले तर त्या तुपाच्या गटासमोर उभ्या होत्या. आतले उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. कस्तुराक्कांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले होते.

“काय करताय?” मी विचारलं.

“हात बांधलेत,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर जातात तिकडं.”

ऑगस्टमध्ये पोटं उघडायचा दिवस आला. कस्तुराक्का दारात येऊन म्हणाल्या, “मला बगायचंय.” प्राणिगृहातल्या माणसांनी त्या वेळी आत यायची पद्धत नव्हती. विश्वेश्वर सरांनी स्वतः उठून त्यांना स्टूल दिलं.

तुपाच्या गटातला पहिला उंदीर. मी आतडं उभं चिरलं, पाण्याने धुतलं आणि पांढऱ्या ताटलीत पसरलं. लालसर, सुजलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. कस्तुराक्का पुढे वाकल्या. हाताने त्यांनी टेबलाची कड पकडली आणि ती पकडून राहिल्या.

“ह्येंच्या पोटात असंच आसंल का वो?” त्यांनी विचारलं. नाव घेतलं नाही.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “उंदीर वेगळा, माणूस वेगळा. सोळा आठवडे वेगळे आणि वर्षंच्या वर्षं वेगळी. परसूअण्णांना काय झालं होतं, ते यावरून मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही.”

सरांनी हेच त्यांना कानडीत पुन्हा सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “न्हाई कळलं तरी चालंल. पण बगाय मिळालं.” आणि डोळ्यांना पदर लावून त्या बराच वेळ रडल्या. आम्ही दोघंही थांबलो. त्या दिवशी पुढचा उंदीर तासाभराने घेतला.

पहिल्या वेळी खालच्या फळीवर दिसला होता तसा डोळ्यांत भरणारा फरक या वेळी नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्यावर, आकडे चार वेळा तपासल्यावर चित्र स्पष्ट झालं. रंगासकट चोथा खाणाऱ्यांचं अस्तर सगळ्यांत कमी बिघडलं होतं. धुतलेल्या चोथ्यानेही थोडी मदत केली होती. नुसत्या गाळलेल्या रंगाची मदत सगळ्यांत कमी. म्हणजे रंग आणि साल दोन्ही मिळून काहीतरी करत होते, आमच्या उंदरांत तरी. सरांची शंका अर्धी खरी निघाली, माझी आशा अर्धी.

१९९७मध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “गाळलेला रंग सोडून चोथ्याकडे वळायचं तुम्हाला कसं सुचलं?” विश्वेश्वर सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मी सगळं सांगितलं, पहिल्या जांभळ्या आतड्यापासून. कोरा कागद सांगितला. सरांनी विचारल्यावर मी ‘नाही’ म्हणाले, तेही सांगितलं. परीक्षक आ वासून ऐकत राहिले. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “खरं आहे. ती बाई अजून आमच्याकडे आहे.”

त्यानंतर मी पुण्याला परतले. आमच्या संस्थेत एक प्रथा तेव्हापासून सुरू झाली, ती शिवाप्पाच्या पत्रांतून मला कळत राहिली. कुठलाही प्रयोग संपला की विश्वेश्वर सर स्वतः प्राणिगृहात येतात, पोत्यावर बसतात आणि काय दिसलं ते तिथल्या सगळ्यांना कानडीत समजावून सांगतात. शिवाप्पाने लिहिलं होतं की पहिल्याच वेळी कस्तुराक्कांनी सरांना इतके प्रश्न विचारले, की सरांची जेवणाची सुट्टी टळून गेली आणि शेवटी सर म्हणाले, “याचं उत्तर मला येत नाही, उद्या वाचून सांगतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलंही.